विषय: लेकीची पहिली क्लेची बंदूक, बारा बोअर की वीस?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये इंग्लंड सोडून आम्ही बाणेरला आलो, पण तिथल्या मराठी मंडळाच्या यादीतून नाव काढलं नव्हतं, ते आज उपयोगी पडतंय. लेक सोळा वर्षांची आहे. तिकडे दोन उन्हाळे तिनं क्लबच्या बंदुकीनं क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या, मारल्या, आणि आता तिला दुसरं काही सुचत नाही. बालेवाडीला जाऊन आलो. तिथं दहा, पंचवीस, पन्नास मीटर, म्हणजे रायफल-पिस्तुलाचं काम. हिला उडती तबकडीच हवी.

तिचे बाबा म्हणतात, पोर अंगानं बारीक आहे, वीस बोअरची, म्हणजे बारापेक्षा बारीक नळीची, हलकी बंदूक बघू. माझा भाऊ आजोबांची जुनी दुनाळी द्यायला तयार आहे. काय करावं? जाणकारांनी सांगावं.

*

ताई, नमस्कार. मी औंधला असतो, मंडळ सोडून नऊ वर्षं झाली. ट्रॅपची, म्हणजे क्लेच्याच एका प्रकाराची, आवड तिकडेच लागली.

आधी दुनाळीचं. ती शिकारीसाठी बनलेली, खांद्यावर घेऊन रानात दिवसभर हिंडता यावं म्हणून हलकी. क्लेमध्ये एका फेरीला पंचवीस तबकड्या, सरावाला चार फेऱ्या सहज होतात. शंभर काडतुसांचा धक्का त्या बंदुकीतून सोळाच्या पोरीला खायला लावू नका. शिवाय जुन्या दुनाळ्यांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, कधी कधी 65 मिलिमीटरचं असतं. आजचं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात बसलेलं दिसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. बंदूक कारागिरानं तपासल्याशिवाय कुणीही ती चालवू नये. आणि मामानं भाचीला बंदूक अशीच देता येत नाही, कागदाशिवाय ती हलवूही नका.

आता बारा की वीस. वीस बोअर म्हणजे कमी धक्का, ही समजूत फार पसरली आहे. धक्का ठरतो काडतुसाच्या भारावर आणि बंदुकीच्या वजनावर. वीस बोअरची अडीच किलोची बंदूक 24 ग्रॅम छर्रे फेकताना जेवढी लाथ मारेल, त्यापेक्षा साडेतीन किलोची बारा बोअर तेच 24 ग्रॅम फेकताना कमी मारते. ऑलिंपिकलासुद्धा 24 ग्रॅमच चालतात. त्यामुळे माझं मत बारा बोअर, एकावर एक नळीची ओव्हर-अंडर, नळी 28 किंवा 30 इंच. उघडून हातावर मोडून ठेवली की रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसतं. पोर शिकत असताना मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. वजन तिच्या हातांना पेलतंय का, तेवढं मात्र एका फेरीनंतर पाहा, दुकानात उचलून कळत नाही.

बेरेटा, ब्राउनिंग, मिरोकू, तिन्ही चांगल्या. पण ताई, नाव शेवटी बघा. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची माशी, म्हणजे नेम धरायची मागची खूण, नसते, नेमबाजाचा डोळाच मागची माशी. गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या भागावर, जिथे टेकतो तिथून डोळा किती उंच, यावर सगळं ठरतं. रिकामी बंदूक, डोळे मिटून खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नळीवरची पट्टी नाकासमोर सरळ दिसली तर बंदूक अंगाला बसली. पट्टी दिसलीच नाही तर दस्ता गालाला खाली पडतोय, पट्टी लांबच लांब रस्त्यासारखी दिसली तर उंच होतोय. मोठ्या माणसासाठी साधारण साडेचौदा इंचाचा दस्ता येतो, तो बहुधा तिला लांब होईल. तो कापू नका, पोर अजून वाढतेय. गालपट्टी आणि खांद्याला टेकणारी मागची पाटी वरखाली करता येते अशी बंदूक बघा.

ट्रॅप की स्कीट, हेही विचारा तिला. ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी उंच मारते, कारण तबकडी वर चढत दूर जाते. स्कीटमध्ये ती दोन घरांतून आडवी येते, तिथं ती उंची आड येते. ठरत नसेल तर स्पोर्टर, म्हणजे दोन्हीकडे चालणारी मधली बंदूक, घ्या.

परवान्याचं म्हणाल तर पुण्यात अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा. 1959च्या शस्त्र कायद्यात परवान्यासाठी वय 21, त्याखालच्या मुलांनी देखरेखीखाली शिकायचं. म्हणजे आज खरेदीची घाई नाहीच. तिकडून विमानात बंदूक घालून आणायचा विचार असेल तर इथले कागद हाती आल्याशिवाय करू नका. सुट्टीत दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंग रेंजला किंवा जयपूरच्या जगतपुऱ्याला घेऊन जा, दोन-चार बंदुका लावून बघू दे तिला. काडतुसांबद्दल आपल्या पुण्याला मान आहे: ‘शक्तिमान’ काडतुसं खडकीच्याच कारखान्यातली, तो 1869चा.

*

ताई, मी अजून इंग्लंडातच. औंधच्या काकांनी सगळं सांगितलं, एक राहिलं. तिचा कुठला डोळा जोरकस आहे ते तपासलंत का? मी दोन वर्षं उजव्या खांद्यावरून मारत होते आणि उजवीकडे पळणाऱ्या क्ले हमखास निसटायच्या. दुकानदारानं दोन बंदुका बदलून दिल्या, डोळा कुणीच विचारला नाही. हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचा दिवा बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं दिवा जागेवर राहतो, तो तिचा नेमाचा.

*

मंडळी, आत्ताच केलं. चार वेळा केलं. लिहिते-खाते उजव्या हातानं, डोळा डावा निघाला.

*

ताई, मग तिला डावा खांदा शिकवा, सोळाव्या वर्षी सहज जमतं. उजव्या हाताच्या बंदुकीचा दस्ता उजवीकडे किंचित वळवलेला असतो, तो तिला चालणार नाही. डावखुरा दस्ता मागवावा लागेल. रविवारी सकाळी औंधला माझ्या घरी या. माझ्याकडे एक सरळ दस्त्याची बंदूक आहे. रिकामी, माझ्यासमोर, ती खांद्याला लावून बघू दे.