विषय: मुलाने असेंबल केलेला डेस्कटॉप विकायचाय, किती सांगू?

प्रेषक: प्लेन्सबरो

नमस्कार मंडळी,
आमच्या मुलाने २०२१च्या सुरुवातीला एकेक पार्ट जमवून डेस्कटॉप असेंबल केला होता, आता तो नोकरीसाठी सिएटलला गेलाय आणि म्हणतोय आई विकून टाक. आपल्याच न्यू जर्सीच्या मंडळातल्या वेस्ट विंडसरच्या एका कुटुंबाने विचारलंय, त्यांच्या मुलीला ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायचंय. मुलगा म्हणतो तेव्हा २,४०० डॉलर लागले, निम्मे तरी घे. हे म्हणतात जुन्या कॉम्प्युटरला कोण विचारतं, दोनशे आले तरी पुष्कळ. ओळखीतला व्यवहार आहे, त्यांचं नुकसान नको आणि आपलंही नको. मुलाने पाठवलेली यादी देते: राय्झन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड दहा जीबीवालं, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, बी५५० मदरबोर्ड, १ टीबी एनव्हीएमई ड्राइव्ह, ८५० वॉटचा गोल्ड पॉवर सप्लाय, लिक्विड कूलर आणि केस. आकडा कसा काढतात हे कुणी समजावून सांगेल का?

प्रेषक: पार्सिपनी

ताई, मी जन्मभर टॅक्सची कामं केली म्हणून सांगतो. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या लेखी कॉम्प्युटर ही पाच वर्षांची मालमत्ता, तेवढ्यात घसारा काढून किंमत संपवायची. २०२१ची वस्तू म्हणजे आज पुस्तकात जवळजवळ शून्य. दोनशे-अडीचशे घ्या आणि मोकळ्या व्हा, ओळखीत घासाघीस नको.

प्रेषक: एडिसन

काका, टॅक्सपुरतं तुमचं बरोबर आहे, पण ताई, तो आकडा विक्रीला लावू नका प्लीज, चारशे डॉलर हातचे जातील. आणि मुलाचे २,४०० पण विसरा. २०२१चा भाव हा खरा भावच नव्हता. ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ला जाहीर झालं पण त्या किमतीला मिळत होतं कुणाला, एकीकडे चिपांची टंचाई आणि दुसरीकडे इथेरियमचं मायनिंग करणारे, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते डिजिटल चलन कमावणारे, ढिगाने कार्डं उचलत होते, लोकांनी दुप्पट पैसे मोजलेत. मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला. तेव्हा जे जास्तीचे गेले ते गेले, आजच्या गिऱ्हाइकाकडून ते मागता येत नाहीत.

जुन्या मशीनचा भाव एकाच गोष्टीवर ठरतो, तेवढंच काम करणारी नवी वस्तू आज कितीला पडते. ५०७० हे नव्या पिढीचं कार्ड मार्च २०२५ मध्ये ५४९ला आलं, ३०८०पेक्षा जोरात चालतं, मेमरी १२ जीबी, वीज ३२० वॉटऐवजी २५०, वर कोरी वॉरंटी. मग वॉरंटी संपलेल्या ३०८०चे कुणी साडेतीनशेच्या वर का द्यावेत? मी ३२० धरतो. प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये ४४९चा होता, त्यानंतर तो बनवणारी एएमडी २०२२ मध्ये नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती खाच) गेली, पण जुन्या एएम४ सॉकेटच्या बोर्डवर बसणाऱ्या तगड्या प्रोसेसरांपैकी हा एक असल्यामुळे अपग्रेडवाले अजून शोधत असतात. त्याचे १४०, बोर्डचे ७०.

आता रॅम, आणि इथे जुने सगळे आडाखे चुकतात. दोन वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर पन्नास म्हटलं असतं. आता एआयची डेटा सेंटरं मेमरी ओढून घेतायत, कंपन्यांनी डीडीआर४ आवरतं घेतलंय, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे वापरलेली रॅम महाग झालीय आणि रोज हलतेय, मी १४० धरतो, पण विकायच्या दिवशी परत बघा. ड्राइव्ह ६०, पॉवर सप्लाय ४५, केसचे २५ कारण केस कुरियरने पाठवायला तिच्या किमतीएवढाच खर्च येतो, ती जवळपासच खपते. लिक्विड कूलरचे शून्य. पाच वर्षांत नळ्यांमधून पाणी हळूहळू उडतं, पंप झिजतो, घेणाऱ्याला तो लवकरच बदलावा लागणार असं धरून चालायचं.

बेरीज ८००. पण अख्खं मशीन बेरजेला कधी जात नाही, घेणाऱ्याला नको असलेला भागही घ्यावा लागतो आणि तुमचा सुटं करून आठ पार्सलं पाठवायचा त्रास वाचतो, म्हणून पंधरा-वीस टक्के कमी. ६४० ते ६८०.

हे आकडे माझे, तुम्ही स्वतः ईबेवर पडताळा, फक्त फिल्टरमध्ये सोल्ड आयटम्स निवडा. लोक मागतात काहीही, खरा भाव म्हणजे जो विकला गेला तो. आणि तिथे विकणाऱ्याचे साधारण तेरा टक्के फीमध्ये जातात, शिवाय पोस्टेज, म्हणजे तिथल्या आकड्यापेक्षा थोडं कमी घेऊनही घरच्या व्यवहारात दोघांचा फायदा.

प्रेषक: वेस्ट विंडसर

घेणारा मीच. ताई, आधीच सांगतो, दोनशेला मी घेतलंच नसतं, मनाला पटलं नसतं. दोन शंका आहेत. कार्ड मायनिंगला वापरलेलं असेल तर? आणि हजारच्या आसपास नवं रेडीमेड मिळतंय, वॉरंटीसकट, तर जुनं का घ्यावं?

प्रेषक: एडिसन

रेडीमेडमध्ये त्या किमतीला बहुतेक ५०६० कार्ड असतं, मेमरी आठ जीबी. ब्लेंडरमध्ये सीन मोठा झाला की आधी मेमरीच अपुरी पडते, तिथे दहा जीबीचा उपयोग होतो. वॉरंटी मात्र मिळणार नाही, आणि मुलगी कॉलेजला दुसऱ्या गावी जाणार असेल, बिघडल्यावर बघणारं जवळ कुणी नसेल, तर मी स्वतः नवंच घ्या म्हणेन.

मायनिंगने चिप सहसा मरत नाही, पंखे आणि मेमरीची उष्णता ओढून घेणारे थर्मल पॅड जातात. ३०८०ची मेमरी मुळातच तापट आहे. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, ब्लेंडरचाच बेंचमार्क (वेगाची चाचणी) अर्धा तास चालवा आणि मेमरी जंक्शनचं, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचं तापमान बघा. ११० अंश सेल्सिअसला पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. नव्वदीत राहिली तर निवांत. पंख्यांचा आवाज कानाने ऐका, घरघर लगेच कळते. ड्राइव्हसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर, एकूण किती लिहिलं गेलंय ते दिसतं, १ टीबीच्या चांगल्या ड्राइव्हला साधारण ६०० टीबी लिहून होईपर्यंतची हमी असते. हे सगळं ताईंच्या घरी, पैसे द्यायच्या आधी.

ताई, पॉवर सप्लायसोबत आलेल्या केबल्स शोधून ठेवा. दुसऱ्या कंपनीची केबल भोकात बसते पण आतली जोडणी वेगळी असते, ड्राइव्ह जळतो. आणि विंडोज १० असेल तर ११ टाकून द्या, १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ५८००एक्सला ११ चालतं, बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय सुरू करावी लागेल.

प्रेषक: प्लेन्सबरो

मुलाशी बोलले. कार्ड त्याने नवं घेतलं होतं, मायनिंग नाही, फक्त गेम, बिल ईमेलमध्ये सापडलं. केबल्सची पिशवी कपाटात होती. त्याला निम्म्याचं समजावलं, आधी जरा हिरमुसला पण ईबे बघून त्यालाच पटलं. ६५० म्हणते. टेस्टमध्ये कार्डाची मेमरी १०० अंशांच्या वर गेली तर पॅड बदलायचे पन्नास कमी करू. चालेल ना?

प्रेषक: वेस्ट विंडसर

चालेल ताई. शनिवारी दुपारी मुलीला घेऊन येतो, टेस्ट तीच करेल.

प्रेषक: एडिसन

छान. नेताना केस आडवी ठेवा, मदरबोर्ड खालच्या बाजूला, म्हणजे कार्ड उभं राहतं आणि खड्ड्यांत त्याच्या वजनाने स्लॉट तुटत नाही. ताई, मुलाला मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून साइन आउट करायला सांगा आणि रिसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा, नुसत्या फाइली डिलीट करून भागत नाही.

प्रेषक: पार्सिपनी

रॅमचं मला ठाऊक नव्हतं, बरं झालं सांगितलंत. माझ्या बेसमेंटमध्ये २०१६चा डेस्कटॉप पडलाय, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५, १६ जीबी डीडीआर४. कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवणार होतो.

प्रेषक: एडिसन

काका, थांबा! आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेलला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे अख्ख्या मशीनला गिऱ्हाईक मिळणं कठीण, पण रॅम आज विकली जाईल. ती काढा, हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा, तुमच्या क्लायंटचे कागद असतील. उरलेलं काउंटीच्या ई-वेस्ट केंद्रात द्या, न्यू जर्सीत २०११पासून कॉम्प्युटर घरच्या कचऱ्यात टाकायला बंदी आहे. रविवारी तिकडे येतोय, स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो.