दिवाळीत कोकण: बीच सोडून काय बघायचं? (नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-५०२ ताई: नमस्कार सगळ्यांना. भाऊबीज झाली की आम्ही सहा जण कोकणात निघतोय, रत्नागिरी गणपतीपुळे साईडला. मागच्या वेळी नुसतं बीच, मोदक, परत बीच, झोप असं झालं आणि पोरं दुसऱ्याच दिवशी मोबाईल घेऊन बसली, तर बीच सोडून बघण्यासारखं काय आहे ते सांगा ना, छोटी म्युझियम असली तरी चालतील. सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे फार पायऱ्या नकोत.

सी-३०३: थिबा पॅलेस. विषय संपला.

सेक्रेटरी काका: उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी १० ते १ पाणी बंद राहील. सर्वांनी नोंद घ्यावी.

बी-१०४ काकू: विषय कसा संपला रे, माझं माहेर रत्नागिरीचं आहे, मी सांगते. थिबा पॅलेस बघाच, पण सोमवारी नको, सोमवारी बंद असतो. आणि पोरांना आधी गोष्ट सांगून मग आत न्या, नाहीतर ती म्हणतील जुना बंगला आहे, चला. ब्रह्मदेशाचा राजा होता थिबा, इंग्रजांनी १८८५ ला त्याचं राज्य घेतलं आणि त्याला उचलून आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं, का तर इथून पळून जाणार कुठे. हा राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे माणूस वीस-पंचवीस वर्षं इथे काढल्यावर त्याला राजवाडा मिळाला आणि १९१६ ला तो गेलाच. राणी नंतर परत गेली, पण मोठ्या राजकन्येची मुलगी टूटू, म्हणजे राजाची सख्खी नात, ती जन्मभर रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलायची, साधी गरिबीत राहिली. मला विचाराल तर राजवाड्यापेक्षा हीच गोष्ट मोठी आहे. संध्याकाळी थिबा पॉइंटवर जा, खाली खाडी दिसते.

ए-५०२ ताई: काकू हे काहीच माहीत नव्हतं, पोरांना आज रात्रीच सांगते.

बी-६०१: मॅडम एवढं लांब जाताय तर मालवण करा ना सरळ, सिंधुदुर्ग किल्ला, बोटीत बसून.

ए-५०२ ताई: चार दिवसच आहेत हो, आणि बोटीत चढ-उतर आईंना जमणार नाही.

ए-२०१ सर: सर्वांना नमस्कार. जरा लांबलचक लिहितोय, माफ करा, पण शिक्षकाला थोडक्यात सांगता येत नाही. नाशिकच्या माणसाने रत्नागिरी जिल्ह्यात नुसतं टुरिस्टसारखं फिरू नये असं मला वाटतं, कारण आपली आणि त्या जिल्ह्याची पाहुण्यासारखी ये-जा फार जुनी आहे. आपल्या गोल्फ क्लबच्या मैदानाला ज्याचं नाव आहे तो अनंत कान्हेरे खेड तालुक्यातला, त्याने डिसेंबर १९०९ मध्ये इथे नाशिकला विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पालगड, दापोली तालुका, तिथे साने गुरुजींचं घर जपून ठेवलंय, अगदी छोटंसं आहे, आणि 'श्यामची आई' गुरुजींनी लिहिली कुठे तर आपल्या नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३, अवघ्या पाच दिवसांत. म्हणजे गोष्टीतलं गाव कोकणातलं आणि ती कागदावर उतरली इथे. आता मालगुंड घ्या, गणपतीपुळ्याच्या अगदी शेजारी, केशवसुतांचं जन्मगाव. तिथे त्यांचं घर आणि स्मारक आहे, १९९४ ला त्याचं उद्घाटन कोणी केलं माहितीये? आपल्या तात्यासाहेबांनी. कुसुमाग्रजांनी. आपण रोज गंगापूर रोडने जाता-येता तात्यांच्या नावाच्या पाट्या बघतो आणि गणपतीपुळ्याला जाऊन मालगुंड न बघता परत येतो, हे काही बरं नाही.

सी-३०३: सर _/\_ मी तीनदा गणपतीपुळ्याला गेलोय, मालगुंडला फक्त पेट्रोल भरलंय.

ए-२०१ सर: ते मी वर लिहिलंच आहे.

बी-१०४ काकू: हाहा. स्मारकात केशवसुतांच्या कविता दगडावर कोरून लावल्यात, पोरांना एकेक मोठ्याने वाचायला लावा. जुनं कौलारू घर, शेणाने सारवलेली जमीन, पायऱ्या नाहीत फार. वेळा आधी फोन करून विचारून घ्या बाई, छोट्या ठिकाणांचं काही सांगता येत नाही.

बी-६०१: ते पुतळ्यांचं प्राचीन कोकण पण आहे ना गणपतीपुळ्याला?

सी-३०३: ते नको, टिपिकल टुरिस्ट टाइप आहे.

बी-१०४ काकू: अजिबात नाही. माणसं बरोबर फिरून समजावून सांगतात, खोत काय, बारा बलुतेदार काय, पैशाऐवजी धान्यावर व्यवहार कसा चालायचा. मोठ्यांना बाळबोध वाटेल पण पोरांना तिथेच जास्त कळतं. तू मोठा झालास म्हणून.

ए-५०२ ताई: सर, रत्नागिरी शहरात अजून काय? दोन रात्री तिथे आहोत.

ए-२०१ सर: टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, १८५६ चा जन्म, दहा वर्षांचे असताना वडिलांची बदली झाली आणि ते पुण्याला गेले. घर छोटं, अर्ध्या तासात बघून होतं. मग पतितपावन मंदिर. सावरकर आपल्या भगूरचे, त्यांना १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवलं होतं, तिथे भागोजीशेठ कीरांनी पैसा दिला आणि १९३१ ला हे सगळ्या जातींसाठी खुलं मंदिर उभं राहिलं. आता तारखा शेजारी ठेवून बघा. मार्च १९३० मध्ये आपल्या पंचवटीत काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. आणि बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, तेही रत्नागिरी जिल्ह्यातलंच, मंडणगड तालुका. मी तर म्हणेन पतितपावन बघून आल्यावर पोरांना एकदा काळारामला घेऊन जा आणि दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

सेक्रेटरी काका: सर, राजकीय विषय ग्रुपवर नकोत, नियम आहे.

ए-२०१ सर: हा इतिहास आहे हो, सातवीच्या पोराला सांगण्यासारखा.

सेक्रेटरी काका: ठीक आहे. मग कातळशिल्पांचं पण सांगा कोणीतरी, मी मागच्या वर्षी पाहिलीत, वेड लागायची पाळी.

बी-६०१: काका तुम्ही?? सांगा की.

सेक्रेटरी काका: जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या मोकळ्या माळावर, जमिनीतच कोरलेली चित्रं. हत्ती, मासे, माणसं, काही तर काय आहेत तेच कळत नाही. कोणी कोरली, कशासाठी, तज्ज्ञांमध्ये अजून एकमत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत. रत्नागिरीजवळ उक्षीला हत्ती आहे, त्याला कुंपण घालून बघायची नीट सोय केलीय, सासूबाईंना तेच बरं पडेल. राजापूर तालुक्यात कशेळीला भला मोठा हत्ती आहे, आणि त्या हत्तीच्या आत बाकीचे प्राणी कोरलेत, ते शोधत शोधत फिरायचं, मुलांना मजा येते. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, दुपारी डोक्यावर ऊन असताना सावली पडत नाही आणि रेघा दिसतच नाहीत. पाण्याची बाटली ठेवा, सड्यावर झाड नाही.

सी-३०३: काका टाकी सोडून असं पण लिहा ना अधूनमधून.

बी-१०४ काकू: शहरात झाडगावला मत्स्यालय पण आहे, तिथे देवमाशाचा सांगाडा ठेवलाय, लहानपणी आम्ही तो बघून रात्री घाबरायचो. आणि रत्नदुर्गावर गाडी बरीच वरपर्यंत जाते, भगवतीचं देऊळ आहे, आईंना तिथे आवडेल.

बी-६०१: दक्षिणेकडे कधी गेलात तर कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, गुरांच्या गोठ्यातच म्युझियम केलंय, परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळालीय त्यासाठी. आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, गोल पत्ते, दशावताराचा जोड १२० पत्त्यांचा, हाताने रंगवतात. पुढच्या वेळी ठेवा.

ए-५०२ ताई: हे नक्की पुढच्या वेळी. गाडीने जावं का ट्रेनने?

सी-३०३: मंगला एक्सप्रेस नाशिकरोडवरून सरळ रत्नागिरीला जाते, पण दिवाळीचं तिकीट आता विसरा. गाडीच काढा. समृद्धीने इगतपुरीवरून आमण्यापर्यंत, पुढे पनवेल, मग मुंबई-गोवा हायवे. वेळ असेल तर येताना जयगडवरून तवसाळला फेरीबोटीत गाडी चढवा, बोटीतून गाडी नेली याचं पोरांना पॅलेसपेक्षा जास्त अप्रूप वाटेल, आणि गुहागरमार्गे परत.

ए-५०२ ताई: आम्ही रविवारी रात्री पोहोचतोय. म्हणजे सोमवारी सकाळी उक्षी, मग रत्नदुर्ग आणि पतितपावन, मंगळवारी थिबा, टिळकांचं घर, मत्स्यालय. बुधवारी मालगुंड, गणपतीपुळे, प्राचीन कोकण. गुरुवारी फेरीबोट आणि घरी. पालगड राहिलं सर.

ए-२०१ सर: गुहागरवरून निघालात की धोपाव्याहून दाभोळला दुसरी फेरीबोट आहे, तिकडून दापोली. मुक्काम एक दिवस वाढवा.

ए-५०२ ताई: मिस्टरांना विचारते. सुट्टीचं त्यांच्या ऑफिसवर आहे.

बी-१०४ काकू: त्यांना सांग दापोलीजवळ हर्णैला संध्याकाळी मच्छीचा लिलाव असतो. लगेच हो म्हणतील.