रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरला वाचता यायला हवा की माणसाला?

धागाकर्ता, चिपळूण
भाची बीएस्सी केमिस्ट्री. लोटे एमआयडीसीत दोन वर्षं क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या लॅबमध्ये आहे. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत ४० अर्ज केले, एक फोन नाही. रविवारी तिचा रेझ्युमे मागवला. दिसायला देखणा! डावीकडे निळी पट्टी, फोटो, 'एचपीएलसी' (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) यापुढे पाचातले चार ठिपके रंगवलेले. वर्डची फाइल उघडली, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये टाकलं. फोन नंबर गायब, कारण तो हेडरमध्ये होता. ठिपके गेले. कंपनीचं नाव बारावीच्या टक्क्यांना जाऊन चिकटलं.

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते फाइलमधला मजकूर उपसून नाव, शिक्षण, अनुभव अशा खणांत भरतं. खण चुकले तर पोरगी शोधात सापडणार कशी? माझं मत स्पष्ट आहे : एकच कॉलम, टेबल नाही, साधी शीर्षकं, आणि जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे.

कुडाळकर
माका ह्या पटना नाय. आमच्याकडे काजू कारखान्यात नाहीतर मालवणच्या हॉटेलात कुठलं आलंय सॉफ्टवेअर? मालक समोर बसवतो, चार प्रश्न विचारतो, सोमवारपासून ये म्हणतो. जाहिरातीतले शब्द उचलायला शिकवलंत तर सगळी पोरं एकाच छापाची दिसतील. मग निवडणारा निवडणार कशावरून?

लोट्यातली एचआर
१२ वर्षं हेच काम करतेय, म्हणून लिहिते. दादा, सॉफ्टवेअर आपणहून रेझ्युमे फेकून देतं हा समज बराचसा चुकीचा आहे. खरी कात्री फॉर्ममधल्या प्रश्नांवर लागते : अनुभव किती वर्षं, नोटीस पीरियड किती, शहर बदलायची तयारी आहे का. तिथे घाईत 'नाही'वर टिक केलं की पुढचं कोणी बघतही नाही. त्यानंतर आमच्यासारखी माणसं शब्द टाकून शोधतात. मी 'क्वालिटी कंट्रोल' शोधलं आणि तुम्ही नुसतं 'क्यूसी' लिहिलं असेल तर राहून जाऊ शकता. दोन्ही लिहा. तसंच एचपीएलसीचं पूर्ण नाव एकदा तरी येऊ द्या.

आणि पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायची युक्ती कृपा करून कोणी शिकवू नका. मजकूर वेगळा काढला की ते सगळे काळ्या अक्षरांत समोर येतात. एका मुलाचं तसं झालेलं पाहिलंय. काम येत होतं त्याला, पण विश्वास गेला तो गेलाच.

टायपिंगवाला, रत्नागिरी
मी रोज बायोडेटा करून देतो. गिऱ्हाईक म्हणतं, बॉर्डर टाका, रंग टाका. काहीजण प्रिंटचा मोबाइलवर फोटो काढून तोच पीडीएफ करून पाठवतात. ते नुसतं चित्र, त्यात एकही अक्षर निवडता येत नाही. मराठी रेझ्युमेचं दुखणं आणखी वेगळं : जुन्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेलं पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं असतात. युनिकोडमध्येच करा. मी आता दोन फाइली देतो, साधी अर्जासाठी आणि सजवलेली हातात द्यायला.

कुडाळकर
ताई, तुमचं पटलं. नुसत्या शब्दांवर चाळायचं हे मात्र अजून पचत नाही. आमच्या वाडीतली एक मुलगी तीन हंगाम आंबा कॅनिंगमध्ये सुपरवायझर होती. २० बायकांच्या शिफ्ट लावायची, पल्पचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, स्वतः तपासायची. रेझ्युमेत त्यातलं एक अक्षर नाही, कारण नेमणूकपत्रच नाही! जे लिहिलंच नाही ते ना सॉफ्टवेअरला दिसणार, ना माणसाला.

धागाकर्ता, चिपळूण
भाऊ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग लिहायला सांग तिला. 'हंगामी सुपरवायझर, आंबा पल्प', प्रत्येक वर्षाचे महिने, हाताखाली किती माणसं, आणि ब्रिक्स, पीएच जे तपासलं ते. पत्र नसेल तर 'हंगामी' हा शब्द प्रामाणिकपणे ठेवायचा, काम लपवायचं नाही.

भाचीचा नवा रेझ्युमे काल रात्री पुन्हा नोटपॅडमध्ये टाकला. नंबर दुसऱ्या ओळीत, नावाच्या खाली. त्या मुलीची फाइल मला पाठव, बसतो मी तिच्यासोबत.