मदत हवी आहे : माळकरी आईला घेऊन पहिल्यांदाच बँकॉकला

नमस्कार मंडळी,

दसरा झाला की आईला घेऊन पाच दिवस बँकॉकला निघाले आहे. आम्हा दोघींचाही हा पहिलाच परदेश प्रवास. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, एका दमात पंधरा-वीस मिनिटांच्या वर चालवत नाही. माळकरी आहे, आणि चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. बाबा गेल्यापासून पंढरपूर सोडलं तर ती कुठेच गेलेली नाही.

तिथल्या राजवाड्यातल्या देवळात ओवऱ्यांच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय. त्यातल्या पांढऱ्याशुभ्र मारुतीचा फोटो मी तिला फोनवर दाखवला. दोन बोटांनी मोठा करकरून ती बघत राहिली, मग म्हणाली, "हे एकदा बघायचंय गं." तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून हा प्रवास नीट व्हायला हवा.

तिकिटं झाली, हॉटेल सफान ताक्सिन स्टेशनजवळ घेतलंय. डिजिटल अरायव्हल कार्ड (थायलंडमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म) पोचण्याआधीच्या ३ दिवसांत भरायचं, त्याला पैसे पडत नाहीत, हेही कळलं. अडलंय ते जेवणावर. 'व्हेज' सांगितलं तरी माशाचा सॉस घालतात म्हणे. पाच दिवस तिला केळ्यांवर ठेवायचं नाही. दुसरं म्हणजे, हॉटेलपासून राजवाड्यापर्यंत कमीत कमी चालून कसं जायचं? तिथे साडी चालते का? आणि विमानतळावरून ट्रेनने यावं की टॅक्सीने?

थर्मास :
ताई, मी तिथे चार वर्षं होतो. 'व्हेज' हा शब्द सोडून द्या, 'जे' हा शब्द पाठ करा. हे तिथल्या चिनी लोकांचं व्रताचं जेवण. मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, वर कांदा-लसूणही वर्ज्य. आईंच्या चातुर्मासाला हेच हवं. दुकानावर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षरं असतात, लांबून इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसतात.

सांगताना "किन जे खा" म्हणा. 'किन' म्हणजे खाणे. शेवटचा 'खा' आपला खा नव्हे, तो बायकांनी वाक्याच्या शेवटी लावायचा आदराचा शब्द, पुरुष 'ख्राप' म्हणतात. सोबत "माय साय नाम प्ला" म्हणजे माशाचा सॉस घालू नका. मी हे थाईत लिहून घेऊन खिशात ठेवायचो आणि कढईसमोर उभ्या असलेल्या बाईंना दाखवायचो. त्या कढई धुऊन घ्यायच्या.

आपल्या नवरात्राच्या सुमारास तिथे ९ दिवस हा 'जे' सण असतो, तेव्हा गल्लोगल्ली पताका लागतात. तुम्ही तो संपल्यावर पोचताय, त्यामुळे शोधावं लागेल. यावरात या चिनी वस्तीत बघा, मेट्रोचं वात मंगकोन स्टेशन तिथेच आहे. फाहुरात भागात भारतीय हॉटेलं आहेत, पण कांदा-लसूण नको हे ऑर्डर देतानाच सांगा. चहातलं दूध 'जे' जेवणात बसत नाही, चहा हॉटेलवरच करा.

सासवडची सून :
हॉटेल अगदी योग्य जागी घेतलंत. स्टेशनच्या खालीच साथोर्न धक्का आहे. केशरी झेंड्याची बोट धरा आणि 'था चांग' धक्क्यावर उतरा, राजवाड्याचं फाटक तिथून जवळ. बोट धक्क्याला टेकते न टेकते तोच शिट्टी वाजते आणि सुटते, म्हणून चढता-उतरताना आईंचा हात धरा. राजवाडा साडेआठला उघडतो, तेव्हाच पोचा. तिकीट ५०० बात (थाई चलन).

फाटकाबाहेर कुणी "आज बंद आहे" म्हणालं तर थांबू नका. आम्ही थांबलो होतो. त्या माणसाने टुकटुकमध्ये बसवून रत्नांच्या दुकानात नेलं आणि आमची आख्खी सकाळ गेली. राजवाडा उघडाच होता.

सासूबाई पाचवारीतच आल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, कुणी अडवलं नाही. गाभाऱ्यात चपला काढायच्या, फोटो काढायचे नाहीत, आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. आईंना पाय मुडपत नसतील तर मागे उभं राहून दर्शन घ्यावं. चित्रं १७८ आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. ओवरीत सावली असते, मारुतीपाशी निवांत थांबा. गाभाऱ्यातली बुद्धाची मूर्ती पाचूची म्हणतात, पण खरं तर ती जेड या हिरव्या दगडाची, जेमतेम ६६ सेंटीमीटर उंच. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा वर्षातून तीनदा तिचा पोशाख बदलतात, आणि तो मान राजाचा. वात अरुणच्या उभ्या पायऱ्या आईंना नकोत, ते देऊळ नदीतूनच सुंदर दिसतं.

विमानतळावरून टॅक्सीच घ्या. मशीनमधून नंबराची चिठ्ठी निघते, मीटरच्या भाड्याशिवाय ५० बात जास्तीचे आणि टोल वेगळा. ऑक्टोबरात पाऊस असतो, छत्री हाताशी ठेवा.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. "माय साय नाम प्ला" कागदावर उतरवून घेतलंय. सगळं आईला वाचून दाखवलं. पोशाखाच्या ओळीवर तिने मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली. आपण जाऊ तेव्हा मूर्तीच्या अंगावर पावसाळ्याचा पोशाख असेल की हिवाळ्याचा, असं ती विचारतेय. कुणाला माहीत असेल तर सांगाल का?