ओढ्याच्या तळातील किडे आणि शेवाळ यांवरून पाण्याची प्रत कशी ठरवावी? (जावळी, जि. सातारा)

प्रश्न : जावळीचा_मास्तर

नमस्कार. मी जावळी तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आमच्या गावाशेजारून वाहणारा ओढा पुढे वेण्णा नदीला मिळतो. अकरावीच्या मुलांच्या प्रकल्पासाठी आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या ओढ्यात दोन ठिकाणी तळाचे जीव गोळा केले. पहिले ठिकाण गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, खळाळत्या पाण्यात होते. दुसरे गावाचे सांडपाणी मिसळते त्याच्या खाली, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्याच्या काठावर होते.

वरच्या ठिकाणी दगड उलटला की त्याला चिकटून बसलेले, तीन शेपट्यांचे चपटे किडे दिसत होते, तर बंधाऱ्यामागच्या काळ्या गाळात लाल अळ्या, गांडुळासारखे बारीक जंत आणि लहान गोगलगायी याच काय त्या मिळाल्या. मात्र त्याच दिवशी दुपारी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचा प्रयोगशाळेतील अहवाल दोन्ही ठिकाणी विरघळलेला प्राणवायू उत्तम असल्याचे सांगतो. आता विश्वास कोणावर ठेवावा, किड्यांवर की अहवालावर? शिवाय परदेशी पुस्तकांत स्वच्छ ओढ्याची खूण म्हणून सांगितलेल्या स्टोनफ्लाय या कीटकाच्या अळ्या आम्हाला वरच्या ठिकाणीही मिळाल्या नाहीत, म्हणजे तेथील पाणीही बिघडलेले समजायचे का? बंधाऱ्यामागचे पाणी शेवाळाने हिरवेगार आहे, त्याचाही काही अर्थ लावता येईल का?

उत्तर : पाणकिडा

सर, दोन्ही खरे असू शकतात, कारण दोघे वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत आहेत. पाण्याचा नमुना बाटली भरली त्या क्षणाचे सांगतो, तर तळाला चिकटून राहणारा किडा कित्येक महिने तेथेच वाढलेला असतो आणि मधल्या एखाद्या रात्री पाणी बिघडले असेल तर त्याला तेथून उठून जाता येत नाही.

तरीही आपल्या तुलनेत एक मोठी अडचण आहे आणि ती प्रदूषणाची नाही. आपण खळाळ आणि साचलेला गाळ यांची तुलना केली आहे. लाल अळ्या म्हणजे कायरोनॉमिडी कुळातील माश्यांच्या अळ्या. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. बंधाऱ्यामागे गाळ साचला की सांडपाण्याचा एक थेंब न येताही त्या तेथे येणारच. उलट चपटे किडे, म्हणजे मेफ्लाय या कीटकाची पिल्ले, वाहत्या पाण्यातील दगडाला धरून राहण्यासाठीच घडलेले आहेत, त्यांना गाळात शोधण्यात अर्थ नाही. त्यामुळे सांडपाणी मिसळते तेथून बंधाऱ्याच्या तुंबापर्यंतच्या पट्ट्यात एखादा खळाळ शोधा आणि तेथे वरच्यासारखेच, तेवढाच वेळ दगड हलवून जाळी लावा. वरती तीन मिनिटे तर खालीही तीनच मिनिटे. मुले रमतात आणि वेळ वाढतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

गुणांकनासाठी बीएमडब्ल्यूपी (बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) ही मूळची ब्रिटिश पद्धत सोपी पडते. तिच्यात प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात आणि संख्या मोजावी लागत नाही, कूळ सापडले की गुण मिळतात. मूळ तक्त्यात चपट्या मेफ्लायच्या हेप्टाजेनिडी कुळाला १०, पोहणाऱ्या मेफ्लायच्या बेटिडी कुळाला ४, जाळे विणणाऱ्या हायड्रोसायकिडी कुळातील कॅडिसफ्लाय या पाणकीटकांना ५, फायसिडी गोगलगायींना ३, कायरोनॉमिडीला २ आणि जंतांना १ गुण आहे. बेरजेपेक्षा सरासरीकडे लक्ष द्यावे. समजा वरच्या ठिकाणी हेप्टाजेनिडी, लेप्टोफ्लेबिडी (१०), हायड्रोसायकिडी, बेटिडी आणि कायरोनॉमिडी मिळाले, तर बेरीज ३१ आणि सरासरी ६.२ येते. त्यात १० गुणांची स्टोनफ्लाय जमेस धरली तरी सरासरी ६.८ च होते. म्हणजे एका कुळाच्या गैरहजेरीने निकाल फिरत नाही. तसेही स्टोनफ्लाय थंड पाण्यातील कीटक आहेत. हिमालयात त्यांची जेवढी विविधता आहे तेवढी सह्याद्रीत नाही, म्हणून त्या न दिसणे हा आपल्याकडे प्रदूषणाचा पुरावा मानू नये.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच पद्धत भारतीय नद्यांसाठी बेतून घेतली आहे. तिच्यात या सरासरीच्या जोडीला विविधतेचा अंक धरतात आणि पाण्याला A ते E अशा पाच श्रेणी देतात. विविधतेचा अंक काढायला मुलांना नावे यावी लागत नाहीत. पांढऱ्या ताटलीतून एकेक जीव उचलायचा, तो आधीच्यापेक्षा वेगळा आहे की तसाच आहे एवढेच लिहायचे आणि शेवटी वेगळेपणाने सुरू झालेल्या गटांच्या संख्येला एकूण जीवांच्या संख्येने भागायचे.

ओळखीपुरते एक सांगतो. मेफ्लायच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलताना दिसतात आणि पायाला एकच नखी असते. स्टोनफ्लायला नख्या दोन असतात. केवळ शेपट्या मोजून निर्णय करू नये. मोजून झाल्यावर जीव त्याच जागी सोडून द्यावेत, ही विनंती.

उत्तर : शेवाळवाला

प्राणवायूच्या अहवालाचे कोडे शेवाळच सोडवते. हिरवेगार पाणी दुपारच्या उन्हात प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायूने भरून जाते. वीस अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून साधारण ९.१ मिलिग्रॅम प्रतिलीटर एवढाच प्राणवायू विरघळतो, पण शेवाळाच्या दाटीत दुपारी त्याहूनही जास्त आकडा येऊ शकतो. रात्री तेच शेवाळ आणि गाळातील जिवाणू श्वसन करून तो संपवतात. म्हणून दुपारचा आकडा चांगला असला की मला उलट शंका येते. मापन सूर्योदयापूर्वी करावे.

शेवाळावरून स्वतंत्र अंदाजही बांधता येतो. शैवालतज्ज्ञ पामर यांनी १९६९ साली सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या शेवाळाच्या वीस प्रजातींना (जीनस) गुण दिले. त्यात युग्लिनाला ५, सेनेडेस्मसला ४, नॅव्हिक्युला आणि नित्झिया यांना प्रत्येकी ३ गुण आहेत. बेरीज २० किंवा त्याहून जास्त आली की सेंद्रिय प्रदूषण मोठे आहे असे समजतात. महाविद्यालयातील साधा सूक्ष्मदर्शक त्याला पुरतो. डायटम, ज्यांना आपण करंडक वनस्पती म्हणतो, त्यांचा अभ्यास अधिक नेमका असतो, परंतु त्यांचे सिलिकाचे कवच आम्लाने स्वच्छ करून हजारपट मोठे करून पाहावे लागते, आणि अकरावीच्या मुलांच्या हाती तीव्र आम्ल द्यावे असे मला वाटत नाही. एवढे मात्र करा : पाच-सहा दगडांच्या वरच्या बाजूचा तपकिरी बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने घासून बाटलीत घ्या. किडे महिन्यांचे सांगतात, तर हा थर गेल्या काही आठवड्यांचे सांगतो.

आणखी एक. गटाराच्या तोंडाशी करड्या कापसासारखे झुलणारे पुंजके दिसले तर ते शेवाळ समजू नका. ते बहुधा सांडपाण्यावर पोसलेल्या जिवाणूंचे असतात.

उत्तर : मेढेकर

आपल्याकडचे बरेच ओढे एप्रिलमध्ये आटतात आणि जुलैच्या पुरात तळाचे दगड अक्षरशः लोटले जातात. पूर ओसरल्यावर किडे पुन्हा स्थिरावायला काही आठवडे लागतात. त्यामुळे मुलांकडून दर वर्षी याच पंधरवड्यात मोजणी करून घ्यावी, म्हणजे एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येईल.

जावळीचा_मास्तर

सर्वांचे आभार. काल पुन्हा जाऊन गटार आणि बंधारा यांच्यामधल्या खळाळात तीन मिनिटे घड्याळ लावून जाळी लावली. हायड्रोसायकिडी, बेटिडी, फायसिडी, कायरोनॉमिडी आणि जंत अशी पाच कुळे मिळाली. बेरीज १५, सरासरी ३. म्हणजे बंधाऱ्याचा दोष बाजूला ठेवला तरी गावाच्या सांडपाण्याचा परिणाम उरतोच. करडे पुंजकेही गटाराच्या तोंडाशी होते, आणि गेल्या खेपेला मी स्वतः त्यांची नोंद शेवाळ म्हणूनच केली होती. आज पहाटे बंधाऱ्यामागे मोजलेला प्राणवायू दुपारच्या निम्म्याहूनही कमी भरला.

वरच्या ठिकाणचा एक किडा दोन शेपट्यांचा असल्याने एका मुलीने ती स्टोनफ्लाय असल्याचा दावा केला आणि वर्गात बराच वाद झाला. भिंगाखाली पाहिले तेव्हा पोटाला कल्ले होते, पायाला नखी एकच होती आणि तिसरी शेपटी आमच्याच चिमट्याने तुटून ताटलीत पडलेली होती.