मदत हवी आहे: फौजीच्या पगारातून एचआरएची (घरभाडे भत्त्याची) २१,५४० रुपयांची रिकव्हरी

नमस्कार मंडळी,

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत, सध्या फिल्डवर. पुण्यात पोस्टिंग असताना क्वार्टर मिळालं नाही म्हणून आम्ही भाड्याने राहिलो. हे फिल्डवर गेले तरी मुलाची शाळा होती, म्हणून मी तिथेच थांबले. यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाला घेऊन सावंतवाडीला आले. आमचं गाव डोंगरात, शेवटची एसटी साडेपाचला निघते, म्हणून शहरात साडेसहा हजारांत दोन खोल्या घेतल्यात.

पुण्यात होतो तोवर एचआरए १०,७७० यायचा. ऑगस्टपर्यंत तेवढाच आला. सप्टेंबरच्या पे स्लिपमध्ये तो एकदम ३,५९० झाला आणि डेबिटच्या रकान्यात २१,५४० रुपये! फौजींच्या हमराज ॲपवरून काढलेली स्लिप समोर ठेवून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीनदा हिशेब केला. झेड, म्हणजे लहान शहराला १० टक्के धरले तरी बेसिक ३५,९०० अधिक एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) ५,२०० म्हणजे ४१,१००, त्याचे ४,११० व्हायला हवेत. मग ५२० रुपये कुठे गेले? महागाई भत्ता काढताना तर एमएसपी धरतात.

ह्यांचा फोन आठवड्यातून एकदा लागतो, तोही पाच मिनिटं. तेवढ्या वेळात मुलाचं विचारायचं की पगाराचं? म्हणून इथे विचारते. ही रिकव्हरी कसली, आणि घरभाडं बंद पडलंय की काय?

प्रतिसाद (मालवण, निवृत्त सुभेदार क्लार्क)

ताई, घाबरू नका, बंद काही पडलेलं नाही. जवान फिल्डवर असला की कुटुंब जिथे राहतं म्हणून कागदावर लागलंय, त्या गावाचा दर मिळतो. ५० लाख आणि त्यावर लोकसंख्या असली तर एक्स, ५ ते ५० लाख वाय, त्याखाली झेड. पुणे एक्समध्ये. आपली सावंतवाडी, कुडाळ, मालवण, रत्नागिरी, चिपळूण, सगळी झेडमध्ये. जुलै २०१७ ला दर २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाई भत्त्याने २५ टक्के ओलांडल्यावर २७, १८, ९ झाले, आणि भत्ता ५० वर पोचला तसे १ जानेवारी २०२४ पासून ३०, २०, १०. ३५,९०० चे ३० टक्के १०,७७० आणि १० टक्के ३,५९०. तुमची स्लिप बरोबर आहे.

५२० रुपयांची चूक मी नोकरीत शेकडो जवानांकडून ऐकली. एचआरए फक्त बेसिकवर, त्यात एमएसपी धरत नाहीत. महागाई भत्त्यात धरतात, म्हणून माणूस फसतो.

आता २१,५४०. दोन दरांतला फरक ७,१८०, त्याची तिप्पट. म्हणजे तुम्ही पुणं सोडल्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिट अशा बदलाची नोंद काढतं तो कागद, उशिरा निघाली आणि मधल्या तीन महिन्यांचं जादा दिलेलं परत घेतलं. जून, जुलै, ऑगस्ट. त्या ऑर्डरमध्ये कोणती तारीख पडलीय ती आधी बघा. युनिटच्या क्लार्ककडे प्रत असते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुणी म्हणेल, पत्ता बेळगावचा दाखवा, ते वाय शहर आहे, २० टक्के मिळतील. आंबोली घाट चढला की बेळगाव, कोण बघतंय! तसं अजिबात करू नका. खोटा पत्ता उघडा पडला तर पैसे तर जातातच, जवानाच्या रेकॉर्डला लागतं. सावंतवाडीचं भाडं पुण्याच्या तिसऱ्या हिश्शाला मिळत नाही हे मलाही कळतं, माझी सून त्याच कात्रीत आहे. पण दर लोकसंख्येवर ठरतो, बाजारभावावर नाही.

प्रतिसाद (गुहागर)

ताई, आमचीही अशीच रिकव्हरी निघाली होती. एकरकमी जड जात असेल तर हप्त्यांनी कापा म्हणून ह्यांना युनिटमार्फत अर्ज द्यायला सांगा. आमचे चार हप्ते झाले.

धागाकर्ती

काका, खूप आभार. काल रात्री ह्यांचा फोन आला. क्लार्कने पाहून सांगितलं, ऑर्डरमध्ये १ जून तारीख आहे! आम्ही तर जूनअखेर निघालो. ट्रंकेतून पुण्याचा भाडेकरार काढला, तो ३० जूनपर्यंतचा. टेम्पोवाल्याची पावतीही सापडली, २९ जून, सामानात कपाट आणि शिलाई मशीन लिहिलंय.

म्हणजे जूनचे ७,१८० आमचे हक्काचे ना?

प्रतिसाद (मालवण)

तुमचेच. रिकव्हरी १४,३६० ची व्हायला हवी होती. करार, पावती आणि मुलाच्या शाळेचा दाखला, तिन्हींचे फोटो ह्यांना पाठवा. तारीख दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर युनिटच काढेल, पे ऑफिसला तुम्ही स्वतः लिहून उपयोग नाही. मूळ कागद हातचे सोडू नका.

धागाकर्ती

दाखला शाळेतून उद्या आणते. दोन फोटो आत्ताच पाठवले, अजून एकच टिक दिसतेय.