मदत हवी आहे: मालवणी जेवणाबरोबर कुठली वाईन?

मंडळी, पुढच्या शनिवारी बाबांची साठी आहे, घरीच करतोय, लालबागला. जेवण आईच्या हातचं, म्हणजे बोंबील फ्राय, सुरमईचं तिरफळ घातलेलं तिखलं, कोलंबी भात आणि सोलकढी. बाबांना व्हिस्की सोसत नाही आता, पण थंड वाईन एखादा ग्लास मनापासून घेतात, म्हणून या वेळी नाशिकचीच चांगली वाईन आणायची असं ठरवलंय.

रेड नको हे नक्की, कारण तिच्यातल्या टॅनिनमुळे, म्हणजे तोंड कोरडं करणाऱ्या तुरटपणामुळे, तिखट अजून झोंबतं आणि तिच्यातल्या लोहामुळे माशाबरोबर तोंडात लोखंडासारखी चव येते. आता अडलंय ते सोव्हिन्यॉं ब्लां की शेनिन ब्लां या दोन व्हाईट वाईनवर. सोव्हिन्यॉं आंबटसर, लिंबू पिळल्यासारखी, त्यामुळे रव्यातल्या कुरकुरीत बोंबलाबरोबर मस्तच जाईल असं वाटतं, पण तिखल्यापुढे नाशिकच्या सुला कंपनीच्या शेनिनसारखी जरा गोडसर असलेली बरी का? मला शेनिनच बरोबर वाटतेय, पण कोणी खरंच मालवणी मसाल्याबरोबर प्यायली असेल तर सांगा ना, पुस्तकी नको. आणि सोलकढी बाजूला असताना वाईनची चव मरते का हो?

पिणारे दहा जण आहेत. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास होतात, म्हणजे प्रत्येकी दोन धरले तर ४ बाटल्या, बरोबर ना? फ्रिज माशांनी भरलेला असणार, तर बर्फ-पाण्याच्या बादलीत मीठ टाकून किती वेळ ठेवू? आणि परळ-दादर बाजूला बाटल्या उन्हात न ठेवणारं चांगलं दुकान कुठलं?